बुरशीला न पचणारं औषध

आज आम्ही दोघं बोलणार आहोत. आमच्यापैकी एक जण रसायनशास्त्र शिकवतो आणि दुसरी सूक्ष्मजीवशास्त्र. त्यामुळे मध्येच आमचा आपसात वाद झाला तर सांभाळून घ्या.

विषय बुरशीचा आहे, पण सुरुवात बुरशीनं करत नाही. सुरुवात ट्यूबनं करू. लातूरला असो की नांदेडला, असं व्याख्यान संपलं की दोन-तीन जण हमखास मागं थांबतात. गर्दी पांगली की एक जण हळूच जवळ येतो, इकडंतिकडं बघतो आणि म्हणतो, "सर, जांघेत गजकर्ण आहे. ट्यूब लावली की जातंय अन् सोडली की परत येतंय. दोन वर्षं झाली." आम्ही विचारतो, कोणती ट्यूब? खिशातून निघते. स्वस्त, सगळीकडं मिळणारी, आणि तिच्यावर बारीक अक्षरात तीन-चार औषधांची नावं. त्यातलं एक असतं स्टिरॉइड.

हे स्टिरॉइड काय करतं ते आधी सांगतो, कारण आजच्या सगळ्या गोष्टीची मेख तिथंच आहे. गजकर्ण लाल होतं, खाजतं, त्याला कडा येते. ही लाली आणि खाज बुरशीची नसते, आपल्या शरीराची असते. शरीर बुरशीशी झगडत असतं त्याची ती खूण. स्टिरॉइड त्या झगड्यालाच झोपवतं. लाली गेली, खाज गेली, माणूस खूश. आणि बुरशी? तिला मोकळं रान. ती पसरते, खोल जाते. ट्यूब सोडली की शरीर जागं होतं आणि दुप्पट जागेवर खाज सुरू होते. हे आपल्या देशात इतकं वाढलं की त्वचेवर लावायची अनेक स्टिरॉइडं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम २०१८ मध्ये करावा लागला. नियम आहे. ट्यूबही अजून खिशात आहेच.

पण सगळा दोष ट्यूबला देता येत नाही. गजकर्णावर टर्बिनाफिन नावाचं चांगलं औषध आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी ते दिलं की काम व्हायचं. आता पुष्कळ रुग्णांत ते चालत नाही. भारतात ज्या बुरशीनं हा उच्छाद मांडला आहे तिला २०२० मध्ये वेगळं नाव मिळालं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. नावात 'इंडो' आहे ते आपलंच. भारत आणि नेपाळच्या रुग्णांमध्ये सापडली म्हणून. टर्बिनाफिन बुरशीच्या एका विशिष्ट एन्झाइमला जाऊन चिकटतं. त्या एन्झाइमच्या लांबलचक साखळीत ३९७ व्या जागी फिनाइल-अॅलनीन नावाचं अमिनो आम्ल असतं. बऱ्याच चिवट बुरश्यांमध्ये तिथं ल्यूसीन बसलेलं दिसतं. शेकडो मण्यांतला एक मणी बदलला, आणि औषध निकामी.

आता तुम्ही म्हणाल, मग दुसरं औषध द्या. इथंच अडतं. जिवाणूंविरुद्ध आपल्याकडं अँटिबायोटिकांची मोठी फौज आहे. बुरशीविरुद्ध पोटातून किंवा शिरेतून द्यायच्या औषधांची मुख्य घराणी मोजायला एका हाताची बोटं पुरतात. टर्बिनाफिनचं एक. फ्लुकोनाझोल, इट्राकोनाझोल वगैरे अझोलांचं दुसरं. अँफोटेरिसिनचं तिसरं. फ्लुसायटोसिन हे चौथं, ते बहुधा दुसऱ्या औषधाच्या जोडीनंच वापरतात. आणि पाचवं इकायनोकँडिनचं, त्याच्याकडं आपण नंतर येऊ.

एवढी कमी का? कारण बुरशी आपली नातेवाईक आहे. ऐकायला विचित्र वाटेल, पण उत्क्रांतीच्या वंशवेलीत बुरशी वनस्पतींपेक्षा आपल्याला जवळची आहे, आणि जिवाणूंपेक्षा तर कितीतरी जवळची. तिच्या पेशीत आपल्यासारखंच केंद्रक, आपल्यासारखीच बरीचशी यंत्रणा. जिवाणूला मारायचं म्हणजे शेजारच्या गावात शिरलेल्या परक्याला ओळखण्यासारखं आहे. बुरशीला मारायचं म्हणजे लग्नाच्या गर्दीत आपल्याच भावकीतला चोर शोधणं. दगड मारला तर लागेल कुणाला याचा नेम नाही. फरक शोधावे लागतात. दोन फरक मोठे आहेत. आपल्या पेशीच्या पडद्यात कोलेस्टेरॉल असतं, बुरशीच्या पडद्यात त्याच्या जागी अर्गोस्टेरॉल. आणि आपल्या पेशीला बाहेरून भिंत नसते, बुरशीला असते. ग्लुकान आणि कायटिन यांची. आज आपल्या हातात असलेली जवळजवळ सगळी औषधं या दोन फरकांवर जगतात.

थोडं घरचं सांगतो. या शोधात महाराष्ट्राचा वाटा आहे आणि तो फारसा कुणाला माहीत नाही. पुण्याजवळ पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना सुरू झाला. तिथं एम. जे. तिरुमलाचार यांच्या गटानं मातीतल्या एका जिवाणूपासून बुरशीनाशक वेगळं केलं. साल १९६१ च्या आसपासचं. त्याचं नाव हॅमायसिन. आणि तो जिवाणू? स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पिंपरीच्या नावाचा! तोंडातल्या आणि योनिमार्गातल्या बुरशीवर वरून लावायला ते वापरलं गेलं. त्याच कारखान्यातून पिकांवरच्या बुरशीसाठी ऑरिओफंगिनही निघालं. ही दोन्ही अँफोटेरिसिनच्याच कुळातली.

अँफोटेरिसिन म्हटलं की २०२१ आठवतं. मे महिन्यात काळ्या बुरशीची, म्हणजे म्युकरमायकोसिसची, नोंद सक्तीची करायला केंद्रानं राज्यांना सांगितलं. कोविडमधून उठलेला माणूस, साखर वाढलेली, स्टिरॉइडं झालेली, आणि डोळ्याखाली सूज. आपल्या मराठवाड्यात असं घर सापडणं अवघड नाही जिथं ओळखीपाळखीत कुणाचा तरी जबडा किंवा डोळा त्यात गेला नाही. नातेवाईक इंजेक्शनासाठी या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात फोन करत होते. त्या दिवसांत वर्ध्यातल्या एका कंपनीनंही ते बनवायला घेतलं. साधं अँफोटेरिसिन स्वस्त आहे, पण ते मूत्रपिंडाला झोडपतं; म्हणून ते चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांत, लायपोसोममध्ये, भरून देतात. भारतीय लायपोसोमवरही बरंच काम मुंबईच्या केईएममध्ये डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या गटाच्या सहभागानं झालं आहे. म्हणजे बघा, १९५० च्या दशकात सापडलेला रेणू, आणि २०२१ मध्ये माणूस वाचवायला आपल्या हातात मुख्य तोच.

पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेनं पहिल्यांदा धोकादायक बुरश्यांची यादी काढली. १९ नावं. त्यात सगळ्यात वरच्या गटात चार: क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स, कॅन्डिडा ऑरिस, अॅस्परजिलस फ्युमिगेटस आणि कॅन्डिडा अल्बिकन्स. शेवटची तर आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या तोंडात, आतड्यात आत्ता या क्षणी बसलेली आहे. गुपचूप. साखर वाढली, अँटिबायोटिकांचा मोठा कोर्स झाला, प्रतिकारशक्ती खचली की ती डोकं वर काढते. बाळाच्या जिभेवरचा न निघणारा पांढरा थर, बायकांचं ते खाजेचं दुखणं जे महिनोन् महिने सांगितलं जात नाही, आणि अतिदक्षता विभागात रक्तात शिरलेली जीवघेणी कॅन्डिडा. तिन्ही एकच बाई, तीन लुगडी.

तर मग आता प्रश्न असा: ही जर आपल्या तोंडातच बसलेली आहे, तर रोज आपल्याला खात का नाही?

उत्तराचा एक भाग आपल्या लाळेत आहे. लाळेत हिस्टॅटिन-५ नावाचं एक छोटं प्रथिन असतं. इतकं छोटं की त्याला प्रथिन न म्हणता पेप्टाइड म्हणतात. अमिनो आम्लं म्हणजे मणी, त्यांची लांब माळ म्हणजे प्रथिन, आणि छोटा तुकडा म्हणजे पेप्टाइड. हिस्टॅटिन-५ मध्ये २४ मणी आहेत, त्यातले सात हिस्टिडीनचे, म्हणून हे नाव. ते कॅन्डिडाच्या पेशीत शिरतं आणि तिला मारतं. असे पहारेकरी सगळ्या सजीवांत आहेत. १९८७ मध्ये मायकेल झॅसलॉफ यांना आफ्रिकन बेडकाच्या कातडीत मॅगेनिन सापडलं. मुळ्याच्या बियांतही बुरशीला रोखणारं पेप्टाइड आहे, त्याचा शोध १९९२ चा. मुळ्याचं बी ओल्या जमिनीत पडतं, चारी बाजूंनी बुरशी, आणि तरी रुजतं ते उगाच नाही.

या पेप्टाइडांची एक ठेवण असते. बहुतेकांवर धन विद्युतभार असतो, आणि माळ पिळून उभी राहिली की एका बाजूला पाण्याची आवड असणारे मणी येतात, दुसऱ्या बाजूला तेलाची आवड असणारे. बुरशीच्या पेशीचा पृष्ठभाग ऋणभारित असतो, तर आपल्या तांबड्या पेशीचा बाहेरचा पडदा जवळजवळ उदासीन. म्हणून धनभारित पेप्टाइड बुरशीकडं ओढलं जातं. मग तेलाची बाजू पडद्यात घुसते आणि पडदा फुटतो, गळतो. काही पेप्टाइडं पडदा न फोडता आत जाऊन घोळ घालतात, हिस्टॅटिन त्यातलं. पडदा फोडणाऱ्यांचा फायदा हा, की एखाद्या एन्झाइममधला एक मणी बदलून सुटका होत नाही. बुरशीला सगळा पडदाच बदलावा लागेल. ते अशक्य आहे असं आम्ही म्हणत नाही, पण महाग पडतं.

मग हीच पेप्टाइडं बाटलीत भरून का विकत नाही?

कारण बुरशीला ती पचतात. कॅन्डिडा स्वतःच्या पेशीतून प्रथिनं कापणाऱ्या कात्र्या बाहेर सोडते. त्यांना सॅप म्हणतात. हिस्टॅटिन जवळ आलं की या कात्र्या त्याचे तुकडे करतात. पहारेकऱ्यालाच चोरानं जेवणात वाढून घेतलं. शिवाय आपल्या पोटातल्या, रक्तातल्या कात्र्या वेगळ्याच. गोळी करून गिळलं तर पेप्टाइड आणि वरणातलं प्रथिन यात पोटाला काही फरक नाही, दोन्ही पचतं. इन्सुलिन टोचूनच का घ्यावं लागतं? याच कारणानं. तिसरी गोष्ट, मिठाच्या पाण्यात पुष्कळ धनभारित पेप्टाइडांची ताकद उतरते, आणि आपलं रक्त खारट आहे. चौथी म्हणजे किंमत.

इथून आमच्यातल्या रसायनवाल्याचं काम सुरू होतं. कल्पना सोपी आहे. माळेची ठेवण ठेवायची, धनभार ठेवायचा, तेलकट बाजू ठेवायची. पण धागा असा बदलायचा की कात्रीला तो ओळखूच येऊ नये. अशा रेणूंना पेप्टाइडसदृश रेणू म्हणतात. पेप्टाइड नव्हे, पेप्टाइडची बतावणी करणारे.

सगळ्यात साधा मार्ग म्हणजे एखादाच मणी बदलणं. हिस्टॅटिनमध्ये १७ व्या जागी लायसीन आहे, आणि कॅन्डिडाची कात्री तिथं आवडीनं चालते. अमेरिकेत मेरीलँडच्या एका गटानं त्या जागी आर्जिनीन किंवा ल्यूसीन बसवून पाहिलं. तुकडे होणं कमी झालं आणि मारण्याची ताकद टिकली. एका मण्यानं टर्बिनाफिन हरलं होतं. इथं एका मण्यानं आपण थोडं जिंकलो.

दुसरा मार्ग डाव्या-उजव्या चपलेचा. निसर्गातली प्रथिनं जवळपास सगळी एल जातीच्या अमिनो आम्लांची. त्यांची आरशातली प्रतिमा म्हणजे डी जात. डावा पाय उजव्या चपलेत बसत नाही, तशी एल माळ कापणारी कात्री डी माळेवर चालत नाही.

तिसरा मार्ग आम्हाला सगळ्यात देखणा वाटतो. पेप्टाइडमध्ये प्रत्येक मण्याला एक फांदी असते, ती कार्बनवर लटकते. ती फांदी शेजारच्या नायट्रोजनवर सरकवायची. बस, एवढंच. गाठोडं तेच, फक्त या खांद्यावरून त्या खांद्यावर. याला पेप्टॉइड म्हणतात. कात्री जिथं पकड घेते तो कोपराच गायब होतो. १९९२ मध्ये रॉन झुकरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे बनवण्याची जी रीत दिली ती इतकी सुटसुटीत आहे की वर्गात फळ्यावर दोन ओळींत लिहिता येते: ब्रोमोअॅसिटिक आम्ल लावा, मग हवा तो अमाइन लावा, परत ब्रोमोअॅसिटिक, परत अमाइन. अमाइन शेकड्यानं मिळतात आणि साधे अमाइन स्वस्त असतात. टेनेसीतल्या केव्हिन बिकर यांच्या प्रयोगशाळेनं असे पेप्टॉइड क्रिप्टोकॉकसवर वापरून पाहिले आहेत. क्रिप्टोकॉकस म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणारी, एचआयव्हीच्या रुग्णांची वैरीण.

चौथा मार्ग धाग्यात जादा कार्बन घालण्याचा. एक घातला तर बीटा, दोन घातले तर गॅमा. विस्कॉन्सिनमध्ये सॅम्युअल गेलमन आणि शॉन पॅलेसेक यांच्या गटांनी बीटा-पेप्टाइडं कॅन्डिडावर चालवून दाखवली, आणि पुढं नायलॉनच्या कुळातले स्वस्त पॉलिमरही. आपल्या पुण्यात आयसरमध्ये एच. एन. गोपी यांचा गट अल्फा-गॅमा मिश्र छोट्या माळांना चरबीची शेपटी लावून सूक्ष्मजीवांवर तपासतो. दिल्लीत व्ही. एस. चौहान यांच्या गटानं वेगळंच केलं. फिनाइल-अॅलनीनमध्ये एक दुहेरी बंध आणून माळ ताठ केली, आणि ती कॅन्डिडाविरुद्ध चालली.

आणि शेवटचं टोक म्हणजे धागाच टाकून द्यायचा. ब्रिलासिडिन हा असा रेणू आहे. तो पेप्टाइड नाहीच, फक्त त्याचा नकाशा पहारेकरी पेप्टाइडासारखा. २०२३ मध्ये ब्राझीलच्या गटाचं काम प्रसिद्ध झालं की अॅस्परजिलसवर ब्रिलासिडिन आणि कॅस्पोफंगिन एकत्र दिलं तर कॅस्पोफंगिनची धार वाढते.

आता कॅस्पोफंगिन. हे सगळं कागदावर ठीक, औषध म्हणून चालतं का, असा संशय कुणाच्या मनात असेल तर त्याचं उत्तर या नावात आहे. माद्रिदजवळच्या लोझोया नदीच्या खोऱ्यात, पाण्याच्या एका नमुन्यात एक बुरशी सापडली. तिच्यात सहा अमिनो आम्लांचं कडं आणि त्याला चरबीची शेपटी असा रेणू होता. त्यात रसायनतज्ज्ञांनी फेरफार केले आणि २००१ मध्ये अमेरिकेत कॅस्पोफंगिन मंजूर झालं. हेच पाचवं घराणं. ते बुरशीची ग्लुकानची भिंत विणणारं एन्झाइम बंद पाडतं, आणि आपल्याकडं भिंतच नसल्यामुळे आपल्याला फार त्रास नाही. पहिल्या दिवशी ७० मिलिग्रॅम, पुढं रोज ५०, शिरेतून. २०२३ मध्ये मंजूर झालेलं रेझाफंगिन रसायनात इतकं टिकाऊ केलं आहे की आठवड्यातून एकदा पुरतं. म्हणजे पेप्टाइडसदृश औषध ही कवीकल्पना नाही. मोठ्या इस्पितळांत ते रोज टोचलं जातंय. पण ते अजून गिळता येत नाही. काळ्या बुरशीवर त्याचा एकट्याचा उपयोग जवळपास नाही, क्रिप्टोकॉकसवरही नाही. आणि कॅन्डिडा ऑरिसनं त्यालाही वाट काढायला सुरुवात केली आहे.

तर मग नांदेड-लातूरला बसून यात काय करायचं? हा प्रश्न विद्यार्थी विचारतात, आणि त्यात थोडी कुचेष्टाही असते.

नांदेडला, विष्णुपुरीत, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. तिथल्या जीवशास्त्र संकुलात एस. मोहन करुप्पयिल यांच्या गटानं वर्षानुवर्षं कॅन्डिडावर काम केलं. वनस्पतींच्या सुगंधी तेलांतले दोन डझनांहून जास्त रेणू त्यांनी कॅन्डिडाच्या बायोफिल्मवर तपासले. ते काम २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. बायोफिल्म म्हणजे बुरशीची वस्ती, चिकट गाळात एकमेकांना धरून बसलेली. कृत्रिम दातांवर, लघवीच्या नळीवर ती जमते आणि औषधाला दाद देत नाही. त्याच वर्षी त्यांनी असंही दाखवलं की हिवतापाची जुनी गोळी क्लोरोक्विन सोबत दिली तर अशी वस्ती अझोल औषधांना पुन्हा बधते. हे रेणू पेप्टाइडसदृश नव्हेत, हे स्पष्ट सांगतो. पण नवा रेणू बनवला तर तो कुठं आणि कसा पारखायचा, याची बैठक इथं तयार झाली, आणि ती बैठक पैशानं विकत मिळत नाही.

रेणू बनवायचं म्हणाल तर पेप्टाइडची माळ ओवायची रीत १९६३ मध्ये ब्रूस मेरीफिल्ड यांनी दिली. माळेचं एक टोक राळेच्या बारीक गोळीला बांधायचं आणि एकेक मणी ओवत जायचं; १९८४ चं नोबेल त्याला मिळालं. यंत्र महाग, संरक्षित अमिनो आम्लं महाग, आणि गणित निर्दयी. २४ मण्यांच्या माळेत २३ जोडण्या. प्रत्येक जोडणी ९९ टक्के जमली तर शेवटी सुमारे ७९ टक्के माळा पूर्ण होतात. ९५ टक्के जमली तर जेमतेम ३१. वर्गात ९५ गुण मिळवून इथं नापास व्हायला होतं.

म्हणून लहान प्रयोगशाळेनं लांब माळेच्या मागं लागू नये, असं आमचं मत आहे. इवार उगी यांनी १९५९ मध्ये दिलेली एक अभिक्रिया आहे. अल्डिहाइड, अमाइन, कार्बॉक्सिलिक आम्ल आणि आयसोसायनाइड, हे चार एकाच चंबूत मिथेनॉलमध्ये टाका, ढवळत ठेवा. बाहेर पडतं फक्त पाणी आणि तयार होतो दोन पेप्टाइडी बंधांचा रेणू. दहा अल्डिहाइड आणि दहा अमाइन घेतले तर शंभर वेगळे रेणू, तेही साध्या काचसामानात. अडचण एकच: आयसोसायनाइडचा वास. कुजकट, घशात बसणारा. हुड नीट चालत नसेल तर या वाटेला जाऊ नका. आमच्यातल्या एकाला एकदा बसमध्ये शेजारच्यानं उठून दुसरी जागा शोधली, ते कारण हेच.

रेणू तयार झाला की पारख. ९६ खळग्यांची प्लास्टिकची थाळी असते, आठ रांगा, बारा स्तंभ. पहिल्या खळग्यात एका मिलिलिटरला समजा १२८ मायक्रोग्रॅम, पुढं ६४, ३२, १६, असं निम्मं-निम्मं. प्रत्येकात कॅन्डिडा. ३५ अंशांवर २४ तास. ज्या कमीत कमी मात्रेला वाढ थांबली ती नोंदवायची. इथंच बरेच जण थांबतात आणि शोधनिबंध लिहून मोकळे होतात, याचा आम्हाला राग आहे. कारण खरी परीक्षा पुढं आहे: तोच रेणू माणसाच्या तांबड्या पेशींत टाकायचा. पाणी लाल झालं तर पेशी फुटल्या. समजा रेणू ८ ला कॅन्डिडा मारतो आणि १६ ला तांबड्या पेशी फोडतो, तर तो औषध नाही, ते फिनाईल आहे. ८ आणि ८०० असं अंतर असेल तर बोलू. तेलकट बाजू वाढवली की बुरशी लवकर मरते आणि रक्तही लवकर फुटतं. सगळी कसरत या दोरीवर आहे. त्यानंतर तीच थाळी रक्तातलं सीरम घालून परत लावायची. पुष्कळ रेणूंचा उत्साह तिथंच मावळतो, कारण ते सीरममधल्या प्रथिनांना चिकटून बसतात.

सजीवातली पहिली चाचणी उंदरावरच हवी असं नाही. मधमाशीच्या पोळ्यात शिरणाऱ्या मेणपतंगाची अळी ३७ अंशांवर जगते, तिच्यात बुरशी टोचून औषध तपासता येतं. जपानमध्ये रेशीमअळीही वापरतात. आपल्याकडं रेशीम शेती करणाऱ्यांना अळी पांढरी पडून कडक होणारा मस्करडीन रोग माहीत असतो, तोही बुरशीचाच. तेव्हा या अळ्या आपल्याला परक्या नाहीत.

एवढं बोलून आम्ही थांबलो. पुढं सभागृहातून आलेल्या प्रश्नांपैकी काही घेतले.

एका शेतकरी श्रोत्यांनी विचारलं, सोयाबीनच्या तांबेऱ्यावर आणि हरभऱ्यावर आम्ही फवारतो त्याचा इस्पितळाशी संबंध आहे का? आहे. टेब्युकोनाझोल, हेक्झाकोनाझोल या फवाऱ्याच्या औषधांच्या नावातच 'कोनाझोल' आहे. तेच अझोल घराणं. शेतातल्या मातीत अॅस्परजिलस असते, तिच्यावर हे पडत राहतं, आणि टिकाव धरलेली बुरशी हवेतून फुप्फुसात येऊ शकते. नेदरलँड्समध्ये हे आधी लक्षात आलं, भारतातही अशी बुरशी सापडली आहे. आम्ही फवारू नका म्हणत नाही, पीक गेलं तर तुमचं घर कोण चालवणार. पण एकच औषध वर्षानुवर्षं, लेबलावरच्या मात्रेपेक्षा जास्त, हे टाळता येतं. आणि नवं पेप्टाइडसदृश औषध आलं तर ते शेतात आणि इस्पितळात एकाच वेळी सोडू नये, हे आताच ठरवून ठेवावं असं आमचं मत आहे.

एका विद्यार्थिनीनं विचारलं की संगणक हे काम आपोआप करणार नाही का? सहा जागा, प्रत्येकी वीस अमिनो आम्लं, म्हणजे ६ कोटी ४० लाख माळा. त्यातल्या बऱ्या निवडायला संगणक फार उपयोगी आहे. पण तांबड्या पेशी फुटतात की नाही ते शेवटी नळीतच बघावं लागतं.

शेवटचा प्रश्न त्या गजकर्णवाल्या काकांचाच होता, यावेळी सगळ्यांसमोर. "मग माझ्यासाठी हे नवं औषध कधी?" काका, लवकर नाही. प्रयोगशाळेतून दुकानात यायला दहा-पंधरा वर्षं सहज लागतात आणि वाटेत बहुतेक रेणू गळतात. तोवर एवढं करा. ती ट्यूब बंद करा, पण तुम्ही ती दोन वर्षं लावली आहे, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवूनच बंद करा. नांदेडला विष्णुपुरीत आणि लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग आहे. खपली खरवडून तपासतात का ते विचारा. दिलेलं औषध खाज गेली म्हणून सोडू नका, डॉक्टर थांबा म्हणतील तेव्हाच थांबा. घरात आणखी कुणाला असेल तर त्यांनाही सोबत न्या, आणि टॉवेल प्रत्येकाचा वेगळा ठेवा.